सरपंच आपल्यातला का नाही? विसरवाडीतून स्वायत्तता समजून घेताना

विसरवाडीच्या आणि नवापूर तालुक्यातल्या आपल्या घरांत एक प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जातो. तीन-तीन पिढ्या आपण इथे आहोत, मतदान करतो, घरपट्टी भरतो, दुकानं चालवतो, मग गावचा सरपंच आपल्यातला का होऊ शकत नाही? शेजारच्या आदिवासी भावाची जमीन तो स्वतःच्या मर्जीने विकायला तयार असला तरी आपल्या नावावर का होत नाही? आणि आता मोबाईलवर ‘भिल प्रदेश’चे नकाशे फिरू लागल्यापासून तिसरा प्रश्न आला आहे : हे लोक वेगळं राज्य मागत आहेत, मग उद्या आपलं काय?

तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. एका मोठ्या राज्यात राहणारा, संख्येने कमी पण स्वतःची जमीन, भाषा आणि रीतीरिवाज असलेला समाज जेव्हा म्हणतो की आमच्या भागाचा कारभार आम्हाला बघू द्या, तेव्हा त्या मागणीला स्वायत्तता म्हणतात. स्कॉटलंडचे लोक ती मागतात, स्पेनमधले कॅटलान मागतात, इराकचे कुर्द मागतात, फिलिपाइन्समधले आपले मोरो मुसलमान बांधव मागतात, आणि आपल्या दाराशी भिल, मावची, गावित, कोकणी मागतात. (इथले कोकणी म्हणजे डांग-नवापूरकडचा आदिवासी समाज. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमानांशी त्यांचा घोळ घालू नये. मुंबईकडचे पाहुणे हमखास घालतात.)

आधी एक फरक लक्षात घेऊ, कारण आपल्याकडे तो नेहमी विसरला जातो. आपण मुस्लिम या देशात धार्मिक अल्पसंख्याक आहोत. आपले संविधानिक हक्क माणसाला आणि संस्थेला चिकटलेले आहेत : कलम 25 प्रमाणे धर्मस्वातंत्र्य, कलम 29 आणि 30 प्रमाणे भाषा-संस्कृती जपण्याचा आणि आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क. आपण नंदुरबारहून मालेगावला गेलो तरी हे हक्क आपल्यासोबत येतात. अक्कलकुव्यासारख्या आदिवासी तालुक्यात आपली एवढी मोठी जामिया उभी राहिली ती याच हक्काच्या छत्राखाली. आदिवासींचा मुख्य दावा मात्र जमिनीला चिकटलेला आहे. या डोंगरावर, या जंगलावर, या पाण्यावर आमचा आधी हक्क आहे, असं ते म्हणतात. म्हणून त्यांना मिळालेलं संरक्षणही प्रदेशाला आहे. आपण इथे राहतो म्हणून ते आपल्यालाही लागू होतं, कधी फायद्याने, कधी अडचण म्हणून.

हा प्रदेश म्हणजे ‘अनुसूचित क्षेत्र’. संविधानाच्या कलम 244 (1) आणि पाचव्या अनुसूचीखाली देशातल्या 10 राज्यांत अशी क्षेत्रं आहेत. महाराष्ट्राची यादी 1985 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरली. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे चार तालुके त्यात पूर्ण आले, नंदुरबार आणि शहादा तालुक्यांतली काही गावं आली. तेव्हा आपला जिल्हा नव्हता, सगळं धुळ्यात होतं. 1 जुलै 1998 ला नंदुरबार जिल्हा झाला. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साधारण साडेसोळा लाख आणि त्यात अनुसूचित जमाती 69 टक्क्यांच्या पुढे. म्हणजे देशात अल्पसंख्य असलेला हा समाज या जिल्ह्यात बहुसंख्य आहे, आणि आपण इथे अल्पसंख्याकांच्या प्रदेशातले अल्पसंख्याक.

आता सरपंचाचा मुद्दा. पंचायतराजची 73 वी घटनादुरुस्ती अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू नव्हती. तिथे ती कशी लावायची हे ठरवायला खासदार दिलीपसिंह भुरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि डिसेंबर 1996 मध्ये संसदेने कायदा केला. तोच ‘पेसा’. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचं अध्यक्षपद अनुसूचित जमातीसाठी राखीव राहील आणि सदस्यांच्या किमान निम्म्या जागा त्यांच्या असतील. झारखंडमधून याविरुद्ध काही लोक कोर्टात गेले. सरपंचपद शंभर टक्के राखीव ठेवणं समानतेच्या विरोधात आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा योग्य ठरवला. या भागांची परिस्थिती वेगळी आहे, तिथे आदिवासींच्या हातात नेतृत्व राहावं हाच कायद्याचा हेतू आहे, असा त्या निकालाचा आशय. तेव्हा ‘एखादा चांगला वकील मिळाला तर हे बदलेल’ ही आशा आपण सोडून द्यावी. उरलेल्या जागांवर सदस्य म्हणून उभं राहता येतं, आणि त्याहून मोठी गोष्ट पुढे सांगतो.

जमिनीचा नियम तर पेसापेक्षाही जुना आहे. 1974 साली महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम 36 अ आलं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण किंवा भाडेपट्ट्याने जायची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि विक्रीसाठी जिल्हाधिकाऱ्यांनाही आधी राज्य सरकारची मान्यता घ्यावी लागते. त्याच सुमाराला हातातून गेलेल्या आदिवासी जमिनी परत करण्याचाही कायदा झाला. तरीही आपल्यातले काही जण आजही शंभराच्या स्टॅम्पवर ‘नोटरी’ करून किंवा निव्वळ जबानीवर दुकानाची जागा, शेताचा तुकडा घेतात. घेणारा आणि देणारा दोघेही भले असतात, पैसे रोख दिलेले असतात. वीस वर्षांनी मुलं मोठी होतात, सातबारा निघतो, आणि घरं फुटतात. आम्ही असे व्यवहार जवळून पाहिले आहेत. सांगायचं एवढंच की तो कागद कोर्टात टिकत नाही, भावना कितीही खरी असली तरी. घेतलेली जमीन मूळ मालकाकडे जाते आणि पैसे मागायला कुणाकडे जायचं हा प्रश्न उरतो.

एवढा कडक कायदा का करावा लागला? इथे आपल्याला थोडं कडू बोलावं लागेल. खानदेशातल्या आदिवासींची जमीन गेली ती युद्धात हरून नाही, बहुतेक वेळा वहीत हरून. बियाणाला उधारी, लग्नाला उधारी, पोटाला उधारी, मग सावकाराची वही, मग अंगठा. इंग्रजांनी 1825 मध्ये खानदेशात भिल्ल कोअर उभी केली, भिलांना पलटणीत घेतलं, पण वहीतला अन्याय चालूच राहिला. सातपुड्यात 1857 मध्ये खाज्या नाईक आणि भीमा नाईक उठले. त्यानंतर शंभरेक वर्षांनी शहाद्याच्या सपाटीवर अंबरसिंग सुरतवंती यांनी भिलांना एकत्र केलं, 1972 मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली, आणि गेलेल्या जमिनी व मजुरीसाठी मोठी चळवळ झाली. 1974 चे कायदे याच काळात आले हा योगायोग नाही. त्या वह्या लिहिणारे सगळ्याच जातिधर्मांचे होते. आपले व्यापारीही त्यात होते, आणि व्याज आपल्या दीनमध्ये हराम असतानाही काहींनी ते दुसऱ्या नावाने घेतलं. हे मान्य केल्याशिवाय शेजाऱ्याच्या मनातली शंका आपल्याला समजणार नाही.

मग वेगळं राज्य का? याचं उत्तर नवापूरच्या रेल्वे स्टेशनवर बसून मिळतं. तिथला तो बाक प्रसिद्धच आहे, अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये. आपण त्यावर बसून फोटो काढतो. भिलांसाठी मात्र तो बाक म्हणजे सगळी कहाणी आहे. 1 मे 1960 ला मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले तेव्हा मराठी माणसाला त्याचं राज्य मिळालं, गुजराती माणसाला त्याचं मिळालं. आधी 1953 मध्ये आंध्र झालं होतं, 1956 मध्ये भाषेच्या पायावर देशाचा नकाशा पुन्हा आखला गेला. भिलांची भाषा मात्र कुणी मोजली नाही. सोयरिक एका बाजूला, शेत दुसऱ्या बाजूला, आणि राज्यं चार : महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान. 2011 च्या जनगणनेत भिली-भिलोडी बोलणारे 1 कोटी 4 लाख होते. तरी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत ही भाषा नाही, जिथे बोडो आणि संथाळी 2003 च्या घटनादुरुस्तीने गेल्या.

या चार राज्यांतला सलग पट्टा जोडून ‘भिल प्रदेश’ व्हावा ही मागणी जुनी आहे. आता तिला नवी धार आली. 2023 मध्ये राजस्थानात भारत आदिवासी पार्टी निघाली, 2024 मध्ये तिचे राजकुमार रोत बांसवाड्यातून लोकसभेवर गेले, आणि त्याच वर्षी 18 जुलैला मानगढच्या डोंगरावर हजारो लोकांच्या सभेत भिल प्रदेशाची मागणी झाली. मानगढ निवडण्यामागे कारण आहे. 17 नोव्हेंबर 1913 ला तिथे गोविंद गुरूंच्या भक्तांवर इंग्रजांनी गोळ्या चालवल्या होत्या.

ही मागणी भारताच्या आत आहे, हे ठळकपणे सांगायला हवं. कलम 3 प्रमाणे संसद नवीन राज्य करू शकते. झारखंड तसंच झालं, 15 नोव्हेंबर 2000 ला. संविधान सभेत आदिवासींची बाजू मांडणारे जयपालसिंह मुंडा यांनी झारखंडची मागणी त्याच्या पन्नास वर्षं आधीपासून लावून धरली होती. ‘वेगळं’ हा शब्द ऐकला की लगेच ‘फुटीर’ म्हणायची घाई मुसलमानांनी तरी करू नये. हा शिक्का किती स्वस्तात मारला जातो ते आपल्यापेक्षा जास्त कुणाला माहीत?

जगात पाहिलं तर बहुतेक लोक आधी घराच्या आतच खोली मागतात. ती मिळाली नाही की घर सोडायची भाषा सुरू होते. स्कॉटलंडला 1999 मध्ये स्वतःची संसद मिळाली. 2014 मध्ये ब्रिटनमधून बाहेर पडायचं का यावर मतदान झालं आणि 55 टक्के लोकांनी नाही म्हटलं. कॅनडात क्युबेकने 1995 मध्ये तोच प्रश्न विचारला, तिथे फरक एक-सव्वा टक्क्याचा होता. स्पेनमध्ये कॅटलोनियाने 2006 मध्ये वाढीव अधिकारांचा कायदा करून घेतला, 2010 मध्ये घटना न्यायालयाने त्यातली काही कलमं काढली, आणि तिथून वातावरण बिघडत 2017 च्या बेकायदा ठरवलेल्या मतदानापर्यंत गेलं. फिनलंडमधल्या ऑलंड बेटांवर साधारण 30 हजार स्वीडिश बोलणारे राहतात. 1921 पासून त्यांना स्वायत्तता आहे. तिथे स्थानिक अधिवासाचा हक्क नसेल तर खुद्द फिनलंडच्या नागरिकालाही मोकळेपणाने जमीन घेता येत नाही. आपलं 36 अ काही जगावेगळं नाही.

पण आपल्या वाचकांना सगळ्यात जवळचं उदाहरण फिलिपाइन्सचं वाटेल. मिंदानाओ बेटावर मोरो मुसलमान शेकडो वर्षं राहतात. विसाव्या शतकात सरकारने उत्तरेकडून लाखो लोक आणून तिथे वसवले आणि मोरो आपल्याच बेटावर अल्पसंख्य झाले. 1970 च्या दशकात बंदुका निघाल्या. 1976 मध्ये त्रिपोलीला करार झाला, 13 प्रांतांत स्वायत्तता द्यायचं ठरलं, प्रत्यक्षात 1989 च्या मतदानात 4 प्रांतच आले. खरा तोडगा 2014 च्या करारातून निघाला, 2018 ला कायदा झाला आणि 2019 मध्ये मतदान होऊन बांगसामोरो स्वायत्त प्रदेश उभा राहिला. शेजारच्या प्रांतातल्या 63 गावांनी गावागावाने मतदान करून त्यात जायचं ठरवलं. देशाच्या करवसुलीतला 5 टक्के वाटा त्यांना दरवर्षी एकगठ्ठा मिळतो, तो कसा खर्चायचा ते त्यांची संसद ठरवते.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. बांगसामोरोत मुसलमान बहुसंख्य झाले, आणि तिथल्या डोंगरातले तेदुराय, लांबांगियान हे मुसलमान नसलेले आदिवासी म्हणू लागले की आमच्या वडिलोपार्जित जमिनीचं काय? त्यांच्यासाठी आणि बाहेरून येऊन वसलेल्यांसाठी संसदेत राखीव जागा ठेवल्या आहेत, तरी त्यांची तक्रार संपलेली नाही. म्हणजे विसरवाडीत आपण ज्या जागी उभे आहोत त्या जागी तिथे ते आहेत, आणि विसरवाडीत जे भिल-मावची आहेत त्या जागी तिथे आपले भाऊ. मोरोंच्या हक्कासाठी दुआ करताना नवापूरच्या गावितांचा हक्क खटकत असेल तर आपल्या इन्साफच्या तराजूत काहीतरी गडबड आहे.

भीती निराधार आहे असं मात्र आम्ही म्हणणार नाही. आसाममधल्या बोडोलँडचं उदाहरण समोर आहे. 2003 च्या कराराने तिथे सहाव्या अनुसूचीखाली परिषद झाली. 46 पैकी 30 जागा अनुसूचित जमातींना राखीव, पण बोडोंची लोकसंख्या एक तृतीयांशाच्या आसपास. बाकीच्यांत बंगाली बोलणारे मुसलमान मोठ्या संख्येने. 2012 मध्ये कोक्राझार आणि आसपास दंगे झाले, 4 लाखांहून जास्त लोक बेघर झाले, त्यात मुसलमान होते आणि बोडोही होते. तिथे जमीन, घुसखोरीचा आरोप, हत्यारं आणि राजकारण यांचा जुना गुंता होता, तो नंदुरबारशी जुळत नाही. तरी एवढं दिसतंच की थोड्यांच्या हातात पुष्कळांचा कारभार दिला आणि उरलेल्यांच्या सुरक्षिततेची कलमं कच्ची ठेवली तर काय होतं. याउलट लडाख बघा. 2019 नंतर लेहचे बौद्ध आणि कारगिलचे बहुसंख्य शिया मुसलमान, जे आधी एकमेकांच्या विरोधात उभे राहायचे, ते सहाव्या अनुसूचीसाठी एकत्र मागणी करू लागले.

पेसाची गंमत अशी की त्यात सत्ता एखाद्या दूरच्या परिषदेकडे दिलेली नाही, ग्रामसभेकडे दिली आहे. आणि ग्रामसभा म्हणजे कोण? गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस. आपणही. हीच ती मोठी गोष्ट. सरपंच होता येत नाही याचं दुःख आपण करत बसतो, आणि ज्या सभेत बसायचा पूर्ण हक्क आहे तिथे आपले चार पुरुष जातात, बायका तर जातच नाहीत. या ग्रामसभेच्या हातात काय आहे ते पाहा : गावचा बाजार, सावकारीवर नियंत्रण, दारूबंदी किंवा दारूचं नियमन, मोह-तेंदू-चारोळी यांसारख्या गौण वनोपजाची मालकी, वाळू-मुरूम यांसारख्या गौण खनिजाच्या परवान्यासाठी शिफारस, भूसंपादनाआधी सल्लामसलत. आठवडे बाजारात ओटा कुणाला, जागेचं भाडं किती, मोहफुलांचा भाव कसा ठरणार, मटणाच्या दुकानाचं पाणी कुठे सोडायचं, हे सगळं आपल्या पोटाशी जोडलेलं आहे. महाराष्ट्राने पेसाचे नियम करायला 2014 उजाडवलं, म्हणजे कायद्यानंतर तब्बल 18 वर्षं. 2015 पासून आदिवासी उपयोजनेच्या 5 टक्के रक्कम थेट पेसा ग्रामपंचायतींना येते, तिला अबंध निधी म्हणतात. बांगसामोरोचेही 5 टक्के, आपलेही 5 टक्के. अर्थात 5 टक्के कशाचे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ग्रामसभा ठरवलं तर किती करू शकते, याचे दाखले आहेत. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने वनहक्क कायद्याखाली आपलं जंगल सांभाळायचा हक्क मिळवला आणि 2011 पासून स्वतःचा बांबू स्वतः विकला. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण हवी का, हे 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांना विचारायला लावलं. 12 च्या 12 ग्रामसभा नाही म्हणाल्या, खाण थांबली. आपल्या जिल्ह्यात मात्र सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणीची 33 गावं आली, तेव्हा असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

वनहक्क कायद्यात आपल्यासाठीही एक दार आहे, ते फार थोड्यांना माहीत आहे. आदिवासी नसलेली पण 13 डिसेंबर 2005 पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, जंगलात राहून त्यावर जगणारी कुटुंबं ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करू शकतात. पुरावा मिळवणं अवघड आहे, पण जुने महसुली कागद, बुजुर्गांचे जबाब चालतात.

आणि आदिवासी विरुद्ध मुसलमान अशी सरळ रेघ आखणाऱ्यांना आम्ही यावल, रावेर, चोपड्याकडे बोट दाखवतो. तिथले तडवी भिल मुसलमान आहेत आणि अनुसूचित जमातीतही आहेत. (सगळे तडवी मुसलमान नाहीत, अक्कलकुव्याकडचे वेगळे.) अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर नाही, अनुसूचित जातीचा आहे, तिथे 1950 च्या आदेशाने मुसलमान आणि ख्रिस्ती बाहेर ठेवले गेले. आता धर्म बदललेल्या आदिवासींना जमातीच्या यादीतून काढा, अशी ‘डीलिस्टिंग’ची मागणी जोर धरते आहे. ती मान्य झाली तर पहिला फटका तडवी घरांना बसेल : शिष्यवृत्ती, नोकरी, जमिनीचं संरक्षण, सगळ्याला. या एका प्रश्नावर आपला आणि आदिवासी समाजाचा फायदा एकाच बाजूला आहे, आणि त्यासाठी सोबत लागणार आहे ती शेजारच्या वस्तीची.

नोकरभरतीचा तंटा अजून मिटलेला नाही. 2014 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशी पदं अनुसूचित क्षेत्रात स्थानिक आदिवासींना राखीव झाली. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्रमधलं शिक्षकांचं असं शंभर टक्के आरक्षण रद्द केलं, आणि इथलीही भरती कोर्टाच्या फेऱ्यात सापडली. ऑक्टोबर 2024 मध्ये विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी आमदारांनी मंत्रालयातल्या जाळीवर उड्या मारल्या, त्यामागे हीही मागणी होती. या तंट्यात वर्गावर शिक्षक नाही म्हणून बसून राहतात ती मुलं दोन्ही मोहल्ल्यांची असतात.

ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास भरतात, आणि नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते. विषय आधी लेखी द्यावा लागतो. यंदा बाजाराच्या ओट्यांचा आणि शाळेतल्या रिकाम्या पदांचा विषय द्यायचा विचार असेल तर अर्जावर शेजारच्या पाड्यातल्या चार सह्याही घ्या, आणि सभेला घरातल्या बायकांना सोबत न्या.